बोलता दोर

सुभेदारसाहेब गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानाचं शटर अर्धं वर केलं होतं. फोन त्यांच्या मुलाचा, विनोदचा, नागपूरच्या हॉस्पिटलातून. "काका, बाबा गेले," एवढंच तो म्हणाला आणि मग बराच वेळ पलीकडून नुसता ट्रॉलीच्या चाकांचा आवाज येत राहिला. मी काय बोललो ते आठवत नाही. आठवतं ते एवढंच की फोन खिशात ठेवल्यावर माझी नजर पहिल्यांदा गेली ती दुकानातल्या आतल्या भिंतीकडे, तिथल्या खुंटीवर टांगलेल्या बारीक सुती दोराकडे... आणि मला रडू आलं नाही, भीती वाटली. पंचवीस वर्षांचा घरोबा होता आमचा. एवढा जवळचा माणूस गेला आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आता कोणी विहिरीत अडकलं तर लोक कोणाकडे येतील? शटर अर्ध्यावरच ठेवून मी आत स्टुलावर बसून राहिलो. गिऱ्हाईक वाकून आत बघत होतं, डोकेदुखीची गोळी मागत होतं, आणि मी त्याच्याकडे नुसता पाहत होतो.

या गोष्टीला आता दोन-अडीच महिने होतील. काटोलात माझं औषधाचं दुकान आहे आणि दुकानाच्या मागेच घर. सुभेदारसाहेबांचं, म्हणजे नारायणराव गावंड्यांचं घर आमच्यापासून चार दारं सोडून. फौजेत ते पूल बांधणाऱ्या पलटणीत होते. उमेदीची सारी वर्षं त्यांनी कुठल्या कुठल्या नद्यांवर काढली आणि निवृत्त झाल्यावर मुलाने नागपुरात खोली काढून दिलेली असतानाही इथेच येऊन राहिले. सकाळी बाजाराच्या मैदानावर भरतीला जाणाऱ्या पोरांना पळवायचे. शिट्टी तोंडात, पायात कॅनव्हासचे बूट, आणि मागे राहिलेल्याला अशा शिव्या की आसपासच्या बायका खिडक्या लावून घ्यायच्या. स्मशानातल्या शेडवर पत्रे चढवले ते त्यांनी, गणपती विसर्जनाला तलावात कंबरभर पाण्यात उभे राहायचे ते. महिन्यातून एकदा कामठीच्या फौजी कॅन्टीनला जायचे तेव्हा अर्ध्या गल्लीची फर्माईश त्यांच्या पिशवीत असायची. पण संत वगैरे म्हणाल तर अजिबात नाही. पत्त्यात चक्क लबाडी करायचे आणि पकडलं की चिडायचे. संत्र्याच्या गावात जन्मून संत्र्याला हात लावायचे नाहीत. "आंबट ढेकरा येतेत गा," म्हणायचे, आणि बागायतदाराने प्रेमाने पेटी आणून दिली की ती तशीच उचलून माझ्याकडे द्यायचे.

गाव त्यांना ओळखायचं ते मात्र विहिरींमुळे. आमच्याकडे काटोलपासून नरखेडपर्यंत संत्र्या-मोसंब्यांच्या बागा, आणि बाग म्हटली की विहीर आली. उन्हाळ्यात पाणी खाली जातं, तसा माणूसही पाण्यामागे खाली उतरतो. गाळ काढायला, मोटर सोडवायला, पाइप बदलायला. कधी कोणी घसरतं, कधी कोणाला खाली घेरी येते. मग मोटरसायकलवर दोघं जण धुरळा उडवत गावात येणार आणि सुभेदारसाहेबांच्या फाटकाशी ओरडणार, हे ठरलेलं. साहेब जेवत असले तर हात धुवायचे, झोपले असले तर उठायचे, आणि घरात टांगलेले दोन दोर खांद्यावर टाकून निघायचे. एक जाड, एक बारीक. जाड दोर कमरेला आणि मांड्यांना बांधून, झाडाच्या बुंध्याला वेढे देऊन पाच-सहा गड्यांच्या हातात असायचा. बारीक दोराचं एक टोक उतरणाऱ्याच्या मनगटाला आणि दुसरं काठावर पालथं पडलेल्या एकाच माणसाच्या हातात. या बारीक दोराला ते 'बोलता दोर' म्हणायचे, कारण खाली गेलेल्या माणसाचा आवाज काठावरच्या गलक्यात ऐकू येत नाही. एक झटका म्हणजे थांबा. दोन म्हणजे आणखी सोडा. तीन म्हणजे वर घ्या. ज्याच्या हातात बोलता दोर, तोच ओरडणार, आणि जाड दोरवाल्यांनी त्याचंच ऐकायचं. बाकी काठावर गावचा पुढारी उभा असो की विहिरीचा मालक, त्याने तोंड उघडायचं नाही.

मी यात कसा अडकलो ते सांगितलंच पाहिजे. मी जन्माचा भित्रा आहे. लहानपणी घरात मला भागूबाईच म्हणायचे. पाल, वीज, कुत्रं, इंजेक्शन, कशालाही मी घाबरत आलो. औषधाचं दुकान टाकलं तेव्हा वडील म्हणाले, याला इंजेक्शन विकायला तरी जमेल ना. विहिरीत तर मी आजवर वाकून पाहिलेलं नाही. एका उन्हाळ्यात गावाबाहेर एका मोसंबीच्या बागेत गाळ काढणारा मजूर पाय मोडून खालच्या कपारीत अडकला होता. डॉक्टरांनी पट्ट्या आणि इंजेक्शनं मागवली म्हणून मी पोचवायला गेलो, पिशवी दिली आणि जमेल तेवढ्या लांब, कडुलिंबाच्या झाडाला धरून उभा राहिलो. सुभेदारसाहेबांनी सदरा काढला, दोर बांधला आणि भोवतीच्या गर्दीला मोठ्याने विचारलं, "इथं सगळ्यात जास्त भेव कोनाले वाटून राहिलं?" कोणी कशाला बोलेल? जवान पोरं छात्या काढून पुढे सरकली. मग कोणीतरी हसत माझ्याकडे बोट केलं. "या मेडिकलवाल्या वसंताले पाहा ना सायब, लिंबाले मिठी मारून उभा हाय." सगळे हसले. साहेब हसले नाहीत. "इकडं ये गा," म्हणाले, आणि बारीक दोराचं टोक माझ्या हातात दिलं.

मी म्हणालो, "सायब, मले नाही जमत. मी भित्रा मानूस हाय."

"म्हनूनच तुले देऊन राहिलो."

त्या दिवशी त्या काठावर पालथं पडून मी काय भोगलं ते माझं मला ठाऊक. पाचावर धारण बसणे म्हणजे काय ते तेव्हा कळलं. मान बाहेर काढून खाली पाहायची हिंमत नव्हती, म्हणून डोळे गच्च मिटले आणि सगळा जीव त्या दोरात आणला. दोर जरा हलला तरी काळजात लक्‌कन व्हायचं. मागे गडी बोलत होते, कोणी तंबाखू मळत होतं, मला काही ऐकू येत नव्हतं. तीन झटके आले तेव्हा मी असा किंचाळलो की झाडावरची पाखरं उडाली. मजूर वर आला, मागून साहेब आले. त्यांनी माझ्या हातातून दोर सोडवून घ्यायचा प्रयत्न केला तर माझ्या मुठी उघडेनात. एकेक बोट उचलून त्यांनी दोर काढला. "पाहा," ते गर्दीला म्हणाले, "शूर मानसाचं ध्यान इकडंतिकडं जाते. त्याले वाटते काय होते! याचं ध्यान तसूभर हाललं नाही." मला कोणी आयुष्यात माझ्या भित्रेपणासाठी शाबासकी दिली असेल तर ती हीच. त्यानंतर मोटरसायकलवाले त्यांच्या फाटकाशी ओरडून झाले की पुढच्या दमात माझ्या दुकानाशी ओरडायला लागले. दोन वर्षांनी साहेबांनी बारीक दोर माझ्याच दुकानात आणून खुंटीवर टांगला. दोघं वेगवेगळ्या दोरांचे धनी असले की एकटा कोणी निघत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

दर वेळी मला ताप यायचा. साधासुधा नाही, चांगला हुडहुडी भरून. माझी बायको शालू पांघरूण घालता घालता सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायची, "इहिरीत उतरतेत ते, अन् ताप येते यायले! भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हनतेत, आपल्यामागं तं सुभेदार लागला वं माय." साहेब संध्याकाळी विचारपूस करायला यायचे, माझ्या उशाशी बसून माझाच चहा प्यायचे आणि माझ्याच दुकानातली क्रोसिन मला द्यायचे. मी कितीदा तरी म्हणालो, आता दुसरा कोणी बघा. ते म्हणायचे, "तुह्यापेक्षा भित्रा सापडला की सोडतो तुले." गावात तसा कोणी सापडला नाही हे माझं नशीब.

त्यांची आणखी एक रीत होती आणि त्यावरून लोक त्यांच्यावर चिडायचे. विहिरीत कोणी बेशुद्ध पडलंय असं कळलं की ते आधी पेटता कंदील खाली सोडायचे. कंदील विझला तर कोणीही उतरायचं नाही. विझला नाही तरी लगेच उतरायचं नाही. कडुलिंबाच्या पानांसकट तोडलेल्या फांद्यांचा भारा दोराला बांधून वर-खाली, वर-खाली करायचा, वरून पाणी मारायचं, खालची हवा ढवळून काढायची आणि मग पुन्हा कंदील. खाली कोणाचा तरी मुलगा, नवरा, भाऊ पडलेला असायचा आणि वर हा माणूस फांद्या हलवत बसायचा. बायका ऊर बडवायच्या, गडी शिव्या द्यायचे. मीसुद्धा एकदा, घाबरून म्हणा की वैतागून म्हणा, त्यांना विचारलं की तुमचं काळीज दगडाचं आहे का. तेव्हा ते फांद्या हलवत राहिले. त्याचं उत्तर मला पुढे कधीतरी, त्यांच्या ओसरीवर, पत्ते पिसता पिसता मिळालं.

त्यांच्या डाव्या दंडावर मोठा, आत दबलेला, चंद्रकोरीसारखा व्रण होता. गावाला वाटायचं गोळी लागलेली आहे. पंधरा ऑगस्टला शाळेत बोलावायचे, पोरं त्या व्रणाकडे डोळे विस्फारून पाहायची, कोणी धीट पोरगं विचारायचं, तर साहेब गंभीरपणे म्हणायचे, "हो, लढाईतली आहे." त्या दुपारी बाही वर सरकली तसं मीच विचारलं, कुठल्या लढाईतली? त्यांनी पत्ते खाली ठेवले. "गोळी नाही गा वसंता. माह्या मायचे दात हायेत हे." मग त्यांनी सांगितलं. नवीनच भरती झाले होते, पहिल्या सुट्टीवर गावी आले होते. घरच्या विहिरीत मोठा भाऊ उतरला, तो खाली जाऊन बोलेनासा झाला. त्याला पाहायला चुलतभाऊ उतरला, तोही बोलेनासा झाला. "सारे माह्याकडं पाहून राहिले होते. फौजी हाय म्हने. मले भेव वाटलंच नाही तवा. वाटाले पाह्यजे होतं... एक पाय आत टाकला, तं मागून मायनं कवळा घातला. मी तिले झटकून देल्लं. ताकद होती ना अंगात! तवा तिनं दंडाले दात लावले, अन् सोडलंच नाही. मी मारलं तिले, तरी सोडलं नाही." एवढं बोलून ते थांबले. मग म्हणाले, "दोन पोरं खाली होते घरचे. तिसरं जाऊ देलं नाही. भ्याली होती म्हातारी. तिच्या भेवावर जगून राहिलो मी." आणि पत्ते उचलून त्यांनी पुन्हा लबाडी केली. मी पाहिली, पण बोललो नाही.

या हिवाळ्यात त्यांची छाती भरली. आधी खोकला, मग दम. कफाची औषधं मीच द्यायचो आणि मीच म्हणायचो की नागपूरला दाखवा. होळीच्या आधी विनोद येऊन त्यांना घेऊन गेला. गाडीत बसताना साहेबांच्या पत्नी, म्हणजे वहिनी, रडत होत्या आणि साहेब पोरांना ओरडून सांगत होते की उद्यापासून पळायला आले नाहीत तर परत येऊन एकेकाची तंगडी मोडीन. मी आठवड्याने बसने गेलो. अतिदक्षता विभागात एका वेळी एकालाच, तेही घडीभर सोडत होते. अंगात निळा झगा, डोक्यावर कागदाची टोपी, अशा सोंगात मी त्यांच्या खाटेशी उभा राहिलो. तोंडावर मास्क गच्च बसवलेला, बोलणं शक्य नव्हतं. डोळे मात्र उघडे होते. पंचवीस वर्षांत मी त्या डोळ्यांत नाना गोष्टी पाहिल्या होत्या, पण त्या दिवशी जे पाहिलं ते मी आरशात नेहमी पाहतो तेच होतं. ते घाबरले होते. मी म्हणालो, पोरं पळून राहिली सायब, मैदानावर येतात रोज. त्यांचा हात चादरीवरून चाचपडत आला, माझी दोन बोटं त्यांनी मुठीत धरली. आणि झटका दिला. मला वाटलं पाणी हवंय. मग दुसरा. मग तिसरा... स्पष्ट, मध्ये सारखी जागा सोडून, काठावर यायचे अगदी तसे.

माझं तोंड आपोआप उघडलं. मी मान मागे वळवून, घशाच्या शिरा ताणून ओरडलो, "वर घ्या! ओढा रे, ओढा, वर घ्या!" अख्खा वॉर्ड हादरला. सिस्टर धावत आली, वॉर्डबॉयने माझा दंड धरला. "अरे काका, ये क्या कर रहे हो? बाहर चलो, चलो बाहर." मी मागे पाहत होतो. जिथे नेहमी झाडाला पाय लावून पाच-सहा गडी उभे असायचे, तिथे हिरवा पडदा होता आणि आकडे पळणारं एक यंत्र. ओढायला कोणी नव्हतं. मला बाहेर नेताना त्यांची बोटं माझ्या बोटांतून सुटली. परतीच्या बसमध्ये मी सगळी वाट उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मुठीत धरून बसलो होतो. दोन दिवसांनी विनोदचा तो फोन आला.

तेरावं झालं, लोक आपापल्या कामाला लागले. माझी भीती कामाला लागली नाही. रस्त्यावर मोटरसायकल जोरात आली की माझा हात थांबायचा. शालूला म्हणालो, तो दोर काढून वहिनींकडे देऊन ये. ती हो म्हणाली आणि गेली नाही. एप्रिल संपता संपता एका सकाळी मोटरसायकल आली आणि खरोखरच दुकानासमोर थांबली. "काका, चाला लवकर. सुरेश खाली पडला हाय. सुभेदारसायबाचा दोर घ्या." नरखेड रस्त्यावरची संत्र्याची बाग. दिवसा विजेची लाइन नाही म्हणून दोघा भावांनी डिझेलचं इंजिन विहिरीतच, पाण्याजवळच्या फळीवर उतरवलं होतं. ते बंद पडलं म्हणून थोरला, सुरेश, पाहायला उतरला आणि वर आलाच नाही. खोटं बोलावं, पाठ धरली म्हणावं, असं मनात आलंच. शालूने खुंटीवरचा दोर काढून माझ्या हातात ठेवला. "जा," एवढंच म्हणाली. त्या दिवशी तिने भित्यापाठी ब्रह्मराक्षस वगैरे काही काढलं नाही.

तिथे पोचलो तर सुरेशचा धाकटा भाऊ गजानन, तिशीतला धिप्पाड गडी, लोखंडी पायऱ्यांवर कमरेपर्यंत आत उतरलेला, आणि काठावरचे लोक त्याला 'उतर, उतर' म्हणत होते. विहिरीतून डिझेलच्या धुराचा वास येत होता. मी ओरडलो, "थांबा, कंदील आना!" त्या सगळ्यांनी सुभेदारसाहेबांना पाहिलेलं होतं, म्हणून कोणीतरी झोपडीतून कंदील आणला. तो अर्ध्यापर्यंतही गेला नसेल, ज्योत बारीक झाली आणि गेली. ते सगळ्यांनी पाहिलं. गजाननने पण पाहिलं आणि म्हणाला, "कंदील गेला खड्ड्यात! माहा भाऊ हाय थो!" त्याने खालच्या पायरीवर पाय टाकला. मी काठावर कसा पोचलो, पालथा कसा पडलो, मला सांगता येणार नाही. त्याच्या काखेत दोन्ही हात घालून मी त्याला धरलं. तो मला झटकत होता, माझं डोकं काठाच्या दगडावर आपटलं, हात सुटायला लागले, आणि त्याच्या खांद्यावरून मला आयुष्यात पहिल्यांदा विहिरीचा तळ दिसला, तिथे फळीवर पालथा पडलेला सुरेशचा पांढरा बनियन दिसला... तेव्हा मी गजाननच्या दंडाला दात लावले. तोंडात रक्ताची चव आली तरी सोडलं नाही. तो किंचाळला, आणि त्या किंचाळण्याने भानावर येऊन चौघांनी धावत येऊन त्याला वर ओढून घेतलं.

मग बागेत फवारणीचा ट्रॅक्टर होता, त्याचा ब्लोअर काठाशी आणून त्याची हवा आत सोडली. लिंबाच्या फांद्या तोडल्या, वर-खाली केल्या, पाणी मारलं. गजाननला झाडाखाली दाबून धरलं होतं आणि तो मला जे जे बोलत होता ते मी ऐकत होतो. कंदील तळाशी जळत राहू लागला तेवढ्यात अग्निशमनची गाडी आली. त्यांचा माणूस तोंडाला नळी लावून उतरला. मी त्याच्या मनगटाला बोलता दोर बांधल्याशिवाय त्याला सोडलं नाही. तीन झटके आले, मी ओरडलो, गड्यांनी अग्निशमनचा जाड दोर ओढला. सुरेश वर आला, पण त्याच्यात काही उरलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, आपण पोचायच्या आधीच संपलं होतं. डॉक्टरांवर मी विश्वास ठेवतो, तो माझा धंदाच आहे. पण स्मशानात, साहेबांनी पत्रे चढवलेल्या त्याच शेडखाली, गजानन सगळ्यांसमोर म्हणाला, "या मानसानं माह्या भावाले वर येऊ देल्लं नाही." घरी आलो, ताप चढला. आणि या खेपेला उशाशी येऊन बसणारं कोणी नव्हतं. पडल्या पडल्या एकच प्रश्न डोक्यात घिरट्या घालायचा. तेवढ्या वेळात त्याचा श्वास चालू असला तर? सुभेदारसाहेब एवढी वर्षं हा प्रश्न घेऊन पत्ते कसे खेळत होते? एकदा विचारायला हवं होतं.

परवा दुपारी दुकानात कोणी नव्हतं आणि गजानन आला. मी काउंटरमागे दोन पावलं सरकलो. वाटलं, मारायलाच आला. त्याने बाही वर केली आणि दंड काउंटरवर ठेवला. "हे अजून पिकून राहिलं काका." माझ्या दातांची जागा लाल, सुजलेली होती. मी ती धुतली, मलम लावलं, पट्टी बांधली. पट्टी झाल्यावरही तो गेला नाही. "माय म्हनते, दोघंही गेले असते," तो खाली पाहत म्हणाला. मग थोड्या वेळाने, "मले झोप लागत नाही. डोये मिटले का इहीरच दिसते. कधीच भेलो नोतो मी. आता बागेत पाय टाकाचंही भेव वाटते... लय भेव वाटते, काका." मी त्याच्याकडे पाहिलं आणि मग खुंटीकडे. साहेब म्हणायचे, तुह्यापेक्षा भित्रा सापडला की सोडतो तुले.

मी दोर काढला. एक टोक त्याच्या हातात दिलं, दुसरं माझ्या मनगटाला बांधलं आणि त्याला काय काय करायचं ते सांगितलं. एक, दोन आणि तीन. दोर ओढायचा नाही, फक्त ओरडायचं, ओढणारे मागे असतात. मग मी आतल्या खोलीत गेलो, जिथे औषधांची खोकी रचलेली असतात आणि दुपारीही अंधार असतो. एक झटका दिला. "थांबा!" तो बाहेरून ओरडला. दोन दिले. "सोडा!" मग मी डोळे मिटले. ते कशाला मिटले कोण जाणे. मिटल्याबरोबर तो मास्क दिसला, चादरीवरून चाचपडत येणारा हात दिसला, माझ्या बोटांतून सुटलेली बोटं दिसली... आणि मी तीन झटके दिले. ओरडणं ऐकू आलं नाही. त्याऐवजी मनगटाला असा हिसका बसला की मी खोक्यांवरून धडपडत, खांदा कपाटावर आपटत उजेडात येऊन पडलो. वरून खोकल्याच्या औषधाच्या दोन बाटल्या पडून फुटल्या. शालू घरातून धावत आली. गजानन दोन्ही मुठींत दोर आवळून उभा होता, घामाने थबथबलेला.

मी म्हणालो, "अरे, ओढायचं नाही. ओरडायचं असते, सांगितलं ना तुले."

"मागं कोनीच नोतं ना काका," तो म्हणाला. "म्हनून मीच ओढलं."

फरशीवर औषधाचा लाल चिकट ओघळ पसरत होता. शालू काहीतरी विचारत होती. मनगटाला दोर तसाच होता, आणि तिथे बसल्या बसल्या मला सुभेदारसाहेबांसाठी पहिल्यांदा रडू आलं.